माती तीच, खड्डा तोच, मग सीबीआर का बदलतो?

दरवर्षी मे सरत आला की हा फोन येतोच. विषय सीबीआरचा. रस्त्याखालची माती मोल्डमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात, दाबून चार दिवस भिजवायची आणि तिच्यात प्लंजर नावाचा दांडा घुसवायला किती भार लागतो ते प्रमाण खडीच्या टक्क्यांत सांगायचं, तो हा आकडा. यंदा औशाकडच्या एका रस्त्यावरून आला. साइट लॅबमधला पोरगा घाबरलेला होता. "सर, माती तीच हाय, खड्डा तोच हाय, मोल्डबी तोच हाय. मार्चात ६.८ आला होता, आता १.६ आलाय. आकडा असा का बदलू लालाय?" मागून कंत्राटदाराचा आवाज आला, "त्यांना म्हणावं मशीन बघायला माणूस पाठवा."

माणूस मी पाठवत नाही. मातीच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं काढली. मशीन खरोखर बिघडलं होतं असे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे प्रसंग पाण्याचे. पाणी जास्त पडलं, कमी पडलं, मुरलं नाही, उडून गेलं किंवा मोजताना चुकलं. काळ्या मातीचा सीबीआर म्हणजे पाण्याचा हिशेब, प्लंजर शेवटी फक्त बेरीज सांगतो. म्हणून आकडा उडाला की मी आधी नोंदवही मागतो.

या पोराकडून दोन गोष्टी मागवल्या. दोन्ही चाचण्यांची पानं आणि भिजवताना डायल गेजने (उंचीतला बारीक फरक मोजणाऱ्या काट्याने) दाखवलेला फुगवटा. मार्चच्या पानावर फुगवटा होता ०.८ टक्के. याच मातीचा फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे मोकळी सोडलेली माती पाण्यात किती टक्के फुगते तो आकडा, त्याच फाइलमध्ये ७० च्या वर लिहिलेला. अशी माती चार दिवस पाण्यात बसून पाऊण-एक टक्काच फुगली, तर ती पाण्यात बसलीच नव्हती. म्हणजे ज्या ६.८ वर सगळे खूश होते, तोच आधी खोटा निघाला. पण १.६ खरा, असंही लगेच मानू नका. तो दुसऱ्याच कारणाने खोटा होता.

पहिलं कारण: वाळलेली माती कोरडी नसते

मराठवाड्याची काळी माती बेसाल्टपासून झालेली. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी धरून ठेवतं. मे महिन्याच्या उन्हात ताडपत्रीवर दोन दिवस पसरली, हाताला खडखडीत लागली, तरी तिच्यात सहा-सात टक्के पाणी असतं. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याहून जास्त. तांबड्या मुरुमाची सवय असलेला माणूस इथेच फसतो, कारण वाळलेल्या मुरुमात हे पाणी सोडून दिलं तरी फारसं बिघडत नाही.

या पोराच्या १.६ चाच हिशेब घ्या. हेवी प्रॉक्टर ही माती ठोकून ती किती ओलाव्याला सर्वांत घट्ट बसते ते बघायची चाचणी. तिच्यात महत्तम शुष्क घनता १.६२ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि ओएमसी, म्हणजे त्या घनतेला लागणारा ओलावा, २२ टक्के. त्याने सहा किलो हवेत वाळवलेली माती घेतली, सहा किलोचे २२ टक्के म्हणजे १३२० मिली पाणी ओतलं. मातीत आधीच ७ टक्के होतं. म्हणजे खरी कोरडी माती ६००० भागिले १.०७, साधारण ५६०७ ग्रॅम. तिला २२ टक्क्यांनी लागणारं पाणी १२३४ ग्रॅम, त्यातलं ३९३ ग्रॅम आधीच हजर. घालायला हवं होतं ८४१. घातलं १३२०. प्रत्यक्ष ओलावा झाला साडेतीस टक्के.

आता गंमत बघा. महत्तम घनतेच्या ९७ टक्के गाठायला २२५० घन सेंमीच्या मोल्डमध्ये ओली माती किती बसवायची? १.६२ गुणिले ०.९७ गुणिले २२५०, वर २२ टक्के ओलावा, म्हणजे साधारण ४३१३ ग्रॅम. त्याने स्टॅटिक पद्धतीने बरोबर ४३१३ ग्रॅमच दाबून बसवले. वजन जुळलं, वहीत बरोबरची खूण झाली. पण त्या ४३१३ मधली कोरडी माती फक्त ३३०५ ग्रॅम होती. घनता १.४७, म्हणजे ९७ नव्हे, जेमतेम ९१ टक्के. उरलेली जागा पाण्याने भरून काढली. ओलं वजन जुळलं म्हणजे घनता जुळली, हा समज मी कितीदा तरी पाहिला आहे, आणि सुरुवातीला माझाही होता.

उपाय अगदी साधा. कालवायच्या आधी वाळलेल्या मातीचा ओलावा मोजा, त्यानुसार पाणी घाला. मोल्ड भरताना उरलेल्या मातीतून दोन डबे परत ओव्हनला लावा. हे दुसरे दोन डबे लावायचा कंटाळा सगळ्यांना येतो. प्रॉक्टरच्या रिपोर्टवरचा ओएमसीच सीबीआरच्या पानावर उतरवतात आणि मोकळे होतात. त्या पानावर ओलाव्याचा आकडा ओएमसीशी दशांशापर्यंत जुळत असेल, तर तो मोजलेला नाही असं समजायला हरकत नाही.

ढेकळं आणि घाई

काळ्या मातीत पाणी घालून लगेच ठोकायला घेतली की बाहेरून चिखल, आतून ढेकूळ कोरडं. चाचणीनंतर मोल्ड फोडा, फिकट रंगाचे गोळे दिसतील. असा एक गोळा प्लंजरखाली आला तर आकडा वर, चिखल आला तर खाली. एकाच मातीचे तीन मोल्ड तीन दिशांना जातात ते यामुळे. आयएस २७२० या माती-चाचण्यांच्या भारतीय मानकाच्या कॉम्पॅक्शनच्या (माती ठोकण्याच्या) भागांत चिकण मातीला पाणी कालवून बंद भांड्यात किमान १६ तास मुरू द्या असं सांगितलं आहे. भाकरीचं पीठ मळून लगेच थापता येतं, काळ्या मातीला पुरणपोळीच्या कणकेसारखं मुरावं लागतं. आदल्या संध्याकाळी कालवा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, सावलीत ठेवा. सकाळी वजन करा, पाणी उडालं नाही ना ते कळेल.

माती लवकर वाळावी म्हणून ओव्हनमध्ये टाकू नका. मातीचा स्वभावच बदलतो, चिकटपणा कमी होतो, सीबीआर फुकटचा वाढतो. हवेतच वाळवा. ओव्हन फक्त ओलाव्याच्या डब्यांसाठी, १०५ ते ११० अंशांवर.

साइटवर ओव्हन नसतो, लाइट नसते, मग कार्बाइडच्या बाटलीने ओलावा मोजतात. ओल्या मातीत कार्बाइड मिसळलं की गॅस होतो, त्याचा दाब बाटलीचा काटा दाखवतो. चालतं, पण त्या बाटलीचा काटा ओल्या वजनावरचा टक्का दाखवतो. काट्यावर २० आलं तर कोरड्या वजनावर ते २५ असतं, कारण २० ला ८० ने भागायचं असतं. हे रूपांतर न करता २० च लिहिलं की पाच टक्के पाणी हिशेबातून गायब. शिवाय चिकण मातीचे गोळे बाटलीत फुटत नाहीत, कार्बाइड आत पोचत नाही, काटा आणखी कमी दाखवतो. स्टीलचे गोळे टाकून नीट हलवा, आणि आठवड्यातून एकदा तरी ओव्हनशी ताडून बघा.

चार दिवस पाणी, म्हणजे खरंच चार दिवस

आता मार्चच्या ६.८ कडे. मी विचारलं, मोल्ड कुठे भिजवले? म्हणाला, पत्र्याच्या शेडमागे प्लास्टिकच्या ड्रममध्ये. रोज पाणी बघितलं का? गप्प.

हा प्रकार माझ्या स्वतःच्या लॅबमध्ये झालेला आहे, म्हणून मी त्याला रागावलो नाही. २०१६ चा उन्हाळा. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. आमच्याकडे सहा मोल्ड भिजत होते. चौथ्या दिवशी बघतो तर पाणी मोल्डच्या निम्म्यावर. थोडं उन्हाने नेलं असेल. उरलेलं कोणी घरी नेलं का, हे मी विचारलं नाही, विचारण्यासारखे दिवस नव्हते. पण आकडे सहाच्या पुढे आले होते आणि मी ते तसेच पुढे पाठवायला निघालो होतो. फुगवट्याचा रकाना बघितला म्हणून वाचलो.

भिजवण्याचा नियम ९६ तासांचा. पाणी वरून आणि खालून दोन्हीकडून मातीत शिरलं पाहिजे. म्हणून तळाची प्लेट भोकांची असते आणि मोल्ड टाकीच्या तळाला चिकटून न ठेवता थोडा उचलून ठेवायचा असतो. जुन्या मोल्डची भोकं ग्रीस आणि मातीने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. वरखाली फिल्टर पेपर घाला. सरचार्जची वजनं भिजवतानाच ठेवायची, साधारणपणे २.५ किलोच्या दोन चकत्या, म्हणजे ५ किलो. वर होणाऱ्या रस्त्याच्या थरांचं ओझं ती दाखवतात. वजनं न ठेवता भिजवली की माती मोकाट फुगते आणि आकडा उगाच पडतो. बाहेर काढल्यावर वजनं न हलवता १५ मिनिटं पाणी निथळू द्या.

फुगवटा कसा काढायचा ते सांगतो, कारण निम्म्या पानांवर तो रकाना कोरा असतो. डायलचं पहिलं आणि शेवटचं वाचन, त्यातला फरक भागिले नमुन्याची मूळ उंची. स्पेसर डिस्क (माती भरताना मोल्डच्या तळाशी ठेवायची चकती) वापरली असेल तर ती उंची १२७.३ मिमी. समजा १.२० वरून ७.०६ वर गेला, तर फरक ५.८६ मिमी, म्हणजे ४.६ टक्के. रोज सकाळी एक वाचन घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा जवळजवळ थांबायला हवा. पहिल्याच दिवशी थांबला तर टाकीत वाकून बघा.

फ्री स्वेलचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. १० ग्रॅम माती, एका नळीत पाणी, एकीत रॉकेल, २४ तासांनी दोन्हींतलं आकारमान बघायचं. यात डिस्टिल्ड पाणीच हवं. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, त्यात ही माती कमी फुगते आणि ५५ चा इंडेक्स ४५ दिसू शकतो. हा फरक क्षुल्लक नाही. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये ५० च्या वर इंडेक्स असलेली माती भरावाला चालत नाही. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणायला कितीसा खर्च येतो?

प्लंजरखाली काय घडतं

मशीनकडे आता आलो, तेही थोडक्यात. प्लंजर ५० मिमी व्यासाचा, वेग मिनिटाला १.२५ मिमी. हाताने फिरवायच्या मशीनवर हा वेग राखायला घड्याळ समोर ठेवावं लागतं. फोनवर बोलत हँडल फिरवलं तर ते आलेखात दिसतं. प्लंजर मध्यावर, आधी एक चकती, मग ४ किलोचा बैठक-भार, मग उरलेली वजनं, मग दोन्ही काटे शून्यावर.

रिंग, म्हणजे प्लंजरवरचा भार मोजणारी कडी, मात्र बघा. प्रमाण भार २.५ मिमीला १३७० किलो आणि ५ मिमीला २०५५ किलो. कॅलिफोर्नियाच्या हायवे खात्यात १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही चाचणी निघाली तेव्हा फोडलेल्या खडीवर बसवलेले हे आकडे आजही तेच आहेत. २ टक्के सीबीआर म्हणजे २.५ मिमीला फक्त २७ किलोंच्या आसपास. समजा लॅबमध्ये खडी-मुरुमासाठी घेतलेली मोठी रिंग आहे, तिचा एक भाग सहा किलोंचा. म्हणजे आख्खी चाचणी चार-पाच भागांत आटोपली, आणि एक भाग वाचायला चुकला की सीबीआर ०.४ ने हलला. कमकुवत मातीला लहान क्षमतेची रिंग लावा. कंत्राटदाराने मशीन मागवताना एकच रिंग घेतलेली असते, पण दुसरी मागायला लाजू नका.

आलेख काढायचा कंटाळा करू नका. सुरुवातीला वक्र वर वळणारा आला, म्हणजे पृष्ठभाग नीट बसला नव्हता. सर्वांत जास्त चढाच्या जागी स्पर्शरेषा काढा, ती जिथे आडव्या अक्षाला भेटते तिथे नवं शून्य धरा. नेहमी २.५ मिमीचा आकडा ५ मिमीपेक्षा मोठा येतो. उलट आलं तर चाचणी परत करा. परत तसंच आलं तर ५ मिमीचा घ्या. थेट मोठा आकडा उचलून रिपोर्टात टाकणं हे समस्यानिवारण नव्हे.

चाचणी झाली की प्लंजरच्या जागी माती खरवडून बघा. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, बोराएवढे. एक जरी खाली सापडला, तर तो आकडा त्या खड्याचा आहे. आणि वरच्या ३० मिमीमधून ओलाव्याचा एक डबा घ्या. भिजवल्यानंतरचा हा आकडा ठोकतानाच्या ओलाव्यापेक्षा ठळकपणे वाढलेला दिसला पाहिजे. मार्चच्या पानावर हा डबा असता तर चूक त्याच दिवशी सापडली असती.

मुरुमाची वेगळी तक्रार

काळ्या मातीवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मऊ मुरूम मिळतो, तो कोरडा असताना दगडासारखा आणि रॅमरखाली पिठासारखा. प्रॉक्टरला एकच नमुना परत परत ठोकला तर तो दर वेळी बारीक होत जातो, घनता फुगून येते आणि मग साइटवर ९७ टक्के कधीच मिळत नाही. आलेखाच्या प्रत्येक बिंदूला ताजा नमुना घ्या. १९ मिमीच्या वरचे तुकडे फेकून न देता तेवढ्याच वजनाचा १९ ते ४.७५ मिमीमधला माल घाला. आणि खाणीतला मुरूम वर एक, चार फूट खाली दुसराच, हे कायम लक्षात असू द्या. पिशवीत चिठ्ठी आत एक, बाहेर एक. बाहेरची चिठ्ठी पावसात धुऊन जाते, आतली कधीकधी उंदीर खातात, दोन्ही एकदम गेल्याचं अजून पाहिलं नाही.

तीन मोल्ड, आणि तरीही नाही जुळलं तर

एका मोल्डवर सीबीआर सांगूच नये. किमान तीन. आयआरसी ३७, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांच्या आखणीची पुस्तिका, तिच्या २०१२ च्या आवृत्तीत ५ टक्क्यांपर्यंतच्या सीबीआरला तिन्हींमध्ये अधिक-उणे १ चा फरक चालतो, ५ ते १० ला अधिक-उणे २. त्याबाहेर गेलं तर सहा मोल्डांची सरासरी घ्या. तीनांतला न आवडणारा एक वगळून दोनांची सरासरी काढणारेही भेटतात. त्यांना माझा नमस्कार.

कंत्राटदाराची हमखास शेवटची तक्रार अशी की "साइटवर डीसीपी मारला तर बावीस येतोय, तुम्ही दोन सांगता." डीसीपी म्हणजे साइटवरच वजनाच्या ठोक्यांनी जमिनीत शंकू ठोकून शिरकाव मोजायचं साधन. दोन्ही खरं असू शकतं. भेगाळलेल्या, खडखडीत काळ्या मातीत मे महिन्यात एका ठोक्याला १० मिमी शिरकाव झाला, तर नेहमीच्या सूत्राने सीबीआर २२ च्या आसपास निघतो. तीच जमीन श्रावणात ठोक्याला ५० मिमी देते आणि साडेतीनवर येते. रस्ता श्रावणातही राहणार आहे, म्हणून तर चार दिवस भिजवायचं.

आणि खरोखरच कमी आला, सगळं तपासूनही कमीच आला, तर तो मातीचा गुण आहे, लॅबचा दोष नाही. रोज ४५० पेक्षा जास्त अवजड वाहनं जाणार असतील तर आयआरसी ३७ सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या मातीला, किमान ५ टक्के मागते. तिथे ही माती वरच्या ५०० मिमीमध्ये येऊच द्यायची नाही, चांगला मुरूम आणायचा, आणि खालच्या काळ्या मातीचा आकडा परिणामी (दोन्ही थर मिळून धरायचा) सीबीआर काढायला वापरायचा. गावरस्त्यांसाठी आयआरसीच्या एसपी ७२ या पुस्तिकेत २ टक्क्यांचा वर्ग एस-१, ३ ते ४ चा एस-२, ५ ते ६ चा एस-३. १.६ आणि २.९ (पूर्णांकात २ आणि ३) यांतला फरक लहान वाटतो, पण वर्ग बदलतो आणि वर्ग बदलला की थराची जाडी बदलते. चुना घालायचा विचार असेल तर किती टक्के ते लॅबमध्ये वेगवेगळ्या प्रमाणांचे मोल्ड करून ठरवा, चुन्याला मातीत मुरायला वेळ द्या आणि महिनाभर उघडं पडलेलं पोतं वापरू नका. हवेने तो चुना मेलेला असतो.

औशाच्या पोराने मग सगळं पहिल्यापासून केलं. वाळलेल्या मातीचा ओलावा मोजला, ८४१ मिलीच पाणी घातलं, रात्रभर मुरवलं. ड्रमऐवजी सिमेंटची छोटी टाकी, तीवर गोणपाट, आणि भिंतीवर रोजच्या पाण्याच्या पातळीची खडूची रेघ. पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. फुगवटा ४.६. सीबीआर २.९, ३.२, २.७.

"सर, मग खरा कोणता? मार्चातला की मेमधला?"

दोन्ही नाही, मी म्हणालो. मागून कंत्राटदार विचारत होता, मशीन बघायला माणूस कधी येतोय.